दोन ठिकाणची हजेरी: रनिंग स्टार्ट घेणाऱ्या मुलांच्या आईबाबांसाठी

लेक अकरावीत असतानाच्या जानेवारीत आमच्या घरी रोज दुपारी एकच फोन यायचा. रेकॉर्ड केलेला आवाज असायचा: तुमची मुलगी आज चौथ्या तासाला गैरहजर होती, शाळेच्या हजेरी कार्यालयाशी संपर्क साधा. लेक कुठे भटकत नव्हती. त्या वेळी ती चार मैलांवरच्या कम्युनिटी कॉलेजात अमेरिकेच्या इतिहासाच्या वर्गात वही उघडून बसलेली असायची, आणि तिथे तिची हजेरी लागत होती. असे सहा दिवस गेले आणि मग शाळेचं पत्र आलं.

ती आता रनिंग स्टार्टची दोन्ही वर्षं पुरी करून बाहेर पडली आहे. आम्ही सिएटलच्या पूर्वेला राहतो. मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये किंवा मंडळाच्या कार्यक्रमात दहावीतल्या मुलांचे आईबाबा भेटले की विचारतात: क्रेडिट किती मिळतात, पैसे किती वाचतात, पुढे युनिव्हर्सिटी ती क्रेडिट धरते का. हजेरीबद्दल कोणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. रनिंग स्टार्ट ही वॉशिंग्टन राज्याची योजना, १९९० च्या कायद्याने आलेली. सरकारी हायस्कूलमधली अकरावी-बारावीची मुलं कम्युनिटी किंवा टेक्निकल कॉलेजात जाऊन तिथले वर्ग घेतात. ठरावीक मर्यादेपर्यंत ट्यूशन फी द्यावी लागत नाही. इतर फी, पुस्तकं आणि येण्याजाण्याचा खर्च आपला, आणि उत्पन्न कमी असेल तर त्यातही सवलत मागता येते. कॉलेजचा पाच क्रेडिटचा एक वर्ग म्हणजे हायस्कूलचं एक अख्खं क्रेडिट. पदवीदानाला अशी २४ लागतात, त्यामुळे कॉलेजातला एक वर्ग हातचा गेला तर हायस्कूलच्या हिशेबातही भोक पडतं. काही शाळांत 'कॉलेज इन द हायस्कूल' नावाचे वर्गही असतात. तिथे वर्ग आपल्याच शाळेत, शिक्षक आपलेच, हजेरीही एकच. ते घेणाऱ्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

माझ्या सासूबाई नाशिकला असतात. नात अकरावीत कॉलेजला जाणार म्हटल्यावर त्यांना काहीच नवल वाटलं नाही, कारण आपल्याकडे अकरावी म्हणजे कॉलेजच. पण आपल्या ज्युनिअर कॉलेजात मस्टर एकच असतं आणि ७५ टक्क्यांचा नियमही एकच. इथे मस्टरं दोन आहेत, नियम दोन आहेत, आणि या दोघांत रोजचा काही संवाद नसतो. शाळेला वाटतं मूल कॉलेजात आहे, कॉलेजला मूल हायस्कूलचं आहे याच्याशी घेणंदेणं नसतं. दोन्ही जोडून पाहणारं घरातलंच कोणीतरी लागतं. पहिल्या क्वार्टरला (म्हणजे कॉलेजच्या दहा-अकरा आठवड्यांच्या सत्राला) ते आपण असावं, आणि दुसऱ्या क्वार्टरपासून ते मूलच असावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शाळेची हजेरी कायद्यातून येते, कॉलेजची सिलॅबसमधून

शाळेची हजेरी ही राज्याची बाब आहे. वॉशिंग्टनमध्ये आठ ते अठरा वयाच्या मुलांना शाळा सक्तीची आहे, आणि त्यावर १९९५ चा एक कायदा आहे, ज्याला सगळे बेका बिल म्हणतात. शाळा गैरहजेरीचे दोन प्रकार करते: एक्सक्यूज्ड आणि अनएक्सक्यूज्ड, म्हणजे मंजूर आणि नामंजूर. नामंजूर गैरहजेरी झाली की घरी कळवणं शाळेला बंधनकारक आहे. एका महिन्यात तीन झाल्या की पालकांना भेटीला बोलावतात. महिन्यात सात झाल्यानंतर, आणि वर्षात पंधरा होण्याच्या आत, प्रकरण बाल न्यायालयापर्यंत नेण्याची तरतूद आहे. तिथपर्यंत आपलं कोणी जात नाही, पण पत्रातली भाषा वाचून पोटात गोळा येतो. दुसरा आकडा दहा टक्क्यांचा. शाळेच्या १८० दिवसांपैकी १८ दिवस चुकले, मग ते मंजूर असोत की नामंजूर, तर मूल 'क्रॉनिकली अॅबसेंट' धरलं जातं.

कॉलेजात यातलं काहीच नाही. तिथे प्रत्येक प्राध्यापकाचा नियम निराळा आणि तो सिलॅबसमध्ये लिहिलेला. लेकीच्या इंग्लिश १०१ च्या बाईंनी वर्गातल्या सहभागाला गुण ठेवले होते. चारपेक्षा जास्त तास बुडाले की ते गुण जात. गणिताच्या सरांनी हजेरी घेतलीच नाही, पण दर शुक्रवारी छोटी चाचणी, आणि चुकलेली चाचणी पुन्हा नाही. बायॉलॉजीत दोन लॅब चुकल्या तर वर्ग नापास. तीन वर्ग, तीन कायदे. कॉलेज घरी फोन करत नाही. मूल दोन आठवडे गेलं नाही तरी तुम्हाला कोणी सांगणार नाही.

यातून निघणारी सर्वात महत्त्वाची गोष्ट: एकीकडची मंजुरी दुसरीकडे चालत नाही. ताप आला म्हणून तुम्ही सकाळी शाळेच्या हजेरीच्या फोनवर निरोप ठेवलात, शाळेत ती गैरहजेरी मंजूर झाली. कॉलेजच्या प्राध्यापकाला त्याचा पत्ताही नसतो. आणि मुलाने प्राध्यापकाला ईमेल लिहिला, त्यांनी 'काळजी घे' असं उत्तर दिलं, तरी शाळेत तो दिवस नामंजूरच राहतो. दर आजारपणाला निरोप दोन.

आधी दोन कॅलेंडरं एका कागदावर

ऑगस्टमध्ये एक संध्याकाळ काढा. शाळेचं वर्षाचं कॅलेंडर आणि कॉलेजचं शैक्षणिक कॅलेंडर छापून जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. शाळा सेमिस्टरवर चालते, कॉलेज क्वार्टरवर, आणि दोन्हीचे सांधे जुळत नाहीत.

शाळा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास सुरू होते. कॉलेजची फॉल क्वार्टर सप्टेंबरच्या शेवटी. मधल्या तीन आठवड्यांत मुलाची दुपार रिकामी असते, आणि त्या तासांना त्याने कुठे असायचं हे शाळेला विचारून ठेवावं लागतं. आमच्या शाळेत वर्ग नसलेल्या तासाला मुलांनी लायब्ररीत नाव लिहून बसायचं किंवा आवाराबाहेर जायचं. व्हरांड्यात रेंगाळायला परवानगी नव्हती.

फॉल क्वार्टर डिसेंबरच्या मध्यावर संपते, विंटर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. शाळेचं पहिलं सेमिस्टर मात्र जानेवारीच्या अखेरीपर्यंत चालू असतं. आम्ही फसलो ते इथेच. लेकीचा चौथा तास हेल्थचा होता, एका सेमिस्टरचा विषय. आम्ही गृहीत धरलं की कॉलेजसारखाच तोही डिसेंबरात संपला. विंटरला इतिहासाचा साडेअकराचा वर्ग घेतला. प्रत्यक्षात हेल्थ अजून तीन आठवडे बाकी होता. शाळेच्या यंत्रणेत चौथा तास भरलेला, मूल जागेवर नाही, म्हणून रोज फोन. काउन्सेलरना भेटलो तेव्हा दहा मिनिटांत उलगडा झाला. इतिहासाच्या दुपारी अडीचच्या वर्गात सुदैवाने एक जागा होती, ती घेतली. सहा नामंजूर तास मात्र नोंदीत तसेच राहिले, कारण ती त्या तासांना खरोखरच शाळेत नव्हती आणि त्याला शाळेकडची आगाऊ परवानगी नव्हती. लेकीला ते फार लागलं. आयुष्यात एक तास बुडवला नव्हता तिने.

तेव्हा जानेवारीचे ते तीन-चार आठवडे कागदावर लाल पेनने रंगवा. त्या काळात कॉलेजचा कुठलाही वर्ग शाळेच्या चालू तासावर येता कामा नये. शिवाय त्याच आठवड्यांत शाळेच्या सेमिस्टरच्या परीक्षा असतात, आणि परीक्षेच्या दिवसांचं वेळापत्रक नेहमीचं नसतं.

वसंतातही तेच. कॉलेजची सुट्टी विंटर आणि स्प्रिंग क्वार्टरच्या मध्ये, मार्चच्या शेवटी. शाळेची स्प्रिंग ब्रेक आमच्याकडे एप्रिलमध्ये. म्हणजे अर्धवेळ रनिंग स्टार्ट घेणाऱ्या मुलाला सलग सुट्टी अशी मिळतच नाही. धाकट्या भावंडाची सुट्टी पाहून ग्रँड कॅन्यनची तिकिटं काढू नका. कॉलेजची स्प्रिंग क्वार्टर तेव्हा नुकती सुरू झालेली असते, आणि पहिल्या दिवसांचं काय होतं ते पुढे सांगते.

दिवसाचं गणित

मग एका दिवसाकडे या. शाळेचा तिसरा तास संपतो कधी, कॉलेजचा वर्ग सुरू कधी, मध्ये प्रवास किती. हे सगळे करतात. चुकतं ते बुधवारी. इथल्या बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये आठवड्यातून एक दिवस शाळा लवकर सुटते, आणि काही शाळांत आठवड्यातले एक-दोन दिवस ब्लॉक डे असतात, म्हणजे कमी तास पण प्रत्येक तास लांब. सोमवारी अकराला संपणारा तिसरा तास ब्लॉक डेला बाराला संपू शकतो. शाळेच्या संकेतस्थळावर घंटांची वेगवेगळी वेळापत्रकं असतात, ती सगळी उतरवून घ्या आणि त्यातल्या सर्वात वाईट दिवसावर कॉलेजचा वर्ग बसतो का ते पाहा.

प्रवासाला जेवढा वेळ लागतो त्यावर निदान अर्धा तास ठेवा. गाडीने जाणाऱ्याला पार्किंग शोधावं लागतं. फॉल क्वार्टरच्या पहिल्या आठवड्यात लेकीच्या मैत्रिणीला त्यात पंचवीस मिनिटं गेली. आमची बसने जायची. २०२२ च्या सप्टेंबरपासून इथे अठरा आणि त्याखालच्या वयाच्या मुलांना बस आणि रेल्वे फुकट आहे, त्यामुळे बसचा पर्याय खरंच विचारात घ्या. फक्त एक बस चुकली तर पुढची किती वेळाने, हे पाहून ठेवा. आणि मध्ये जेवायला वेळ हवा. पहिले दोन आठवडे ती डबा बसमध्ये उघडायला लाजत होती आणि उपाशी वर्गात बसत होती. मग पोळीचा रोल करून द्यायला लागले.

वर्ग निवडताना आठवड्यातून किती वेळा भरतो हेही पाहा. क्वार्टर साधारण दहा-अकरा आठवड्यांची. पाच क्रेडिटचा वर्ग रोज पन्नास मिनिटं भरत असेल तर एक दिवस चुकणं म्हणजे पन्नासातला एक. तोच वर्ग आठवड्यातून दोनदा भरत असेल तर वीसातला एक. संध्याकाळचा, आठवड्यातून एकदाच भरणारा असेल तर एका तापात दहावा हिस्सा गेला. ज्या मुलाला दमा आहे, मायग्रेन आहे, त्याच्यासाठी रोज भरणारा वर्गच बरा.

ऑनलाइन वर्गांत हजेरी नसते असा एक समज आहे. वेळेचं बंधन नसलेल्या वर्गातही काम जमा करणं हीच हजेरी. नुसतं लॉगिन करून पानं चाळली तर ते गैरहजर असण्यासारखंच.

फॉर्म दर क्वार्टरला

प्रत्येक क्वार्टरच्या नोंदणीआधी एन्रोलमेंट व्हेरिफिकेशनचा फॉर्म भरावा लागतो. शाळेत किती तास, त्यावरून कॉलेजात किती क्रेडिटपर्यंत ट्यूशन माफ, हे काउन्सेलर त्यात भरतात. मर्यादेच्या वर घेतलेल्या क्रेडिटचे पैसे आपल्याला द्यावे लागतात. मूल अठराच्या खाली असेल तर आपलीही सही लागते. बहुतेक पालक सही करून मोकळे होतात. मी सांगेन की त्याच भेटीत दोन प्रश्न विचारा: 'हिचं शाळेतलं वेळापत्रक यंत्रणेत कोणत्या तारखेपासून बदलेल?' आणि 'त्या तारखेपर्यंत ती कुठल्या तासाला कुठे असणं अपेक्षित आहे?' उत्तर मुलाने तिथल्या तिथे काउन्सेलरना ईमेलवर लिहून पाठवावं. काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात; तोंडी बोलणं त्यांच्या लक्षात राहील अशी अपेक्षा ठेवू नये. जानेवारीत आमच्याकडे असा एक ईमेल असता तर ते सहा तास नोंदीत राहिले नसते.

वेळापत्रक बदलल्यावर पहिला आठवडाभर शाळेच्या पालक पोर्टलमध्ये रोज संध्याकाळी हजेरीचं पान उघडून बघा. चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते, तीन आठवड्यांनी होत नाही.

कॉलेजचे पहिले दिवस

शाळेत पहिला दिवस चुकला तर काही बिघडत नाही. कॉलेजात पहिला आठवडा हाच सर्वात नाजूक. वर्ग भरलेले असतात, प्रतीक्षायादीवर मुलं ताटकळत असतात, आणि पहिल्या तासांना न आलेल्याचं नाव प्राध्यापक काढू शकतात. उलट काही प्राध्यापक काढत नाहीत, आणि मग 'आपोआप निघालं असेल' असं समजून न गेलेल्या मुलाच्या ट्रान्स्क्रिप्टवर एफ बसतो. जायचं नसेल तर वर्ग स्वतः सोडायचा. क्वार्टरच्या दहाव्या दिवसापर्यंत सोडला तर नोंद राहत नाही, त्यानंतर ठरावीक तारखेपर्यंत डब्ल्यू, म्हणजे वर्ग मध्येच सोडल्याची नोंद, त्याच्यापुढे मिळेल ती श्रेणी. या तारखा कॉलेजच्या कॅलेंडरवर असतात; त्याही टेबलावरच्या कागदावर उतरवा. ही ट्रान्स्क्रिप्ट कायमची आहे. पुढे मेडिकलला अर्ज करतानासुद्धा सोळाव्या वर्षीची ही पानं मागतात. आणि वर्ग सोडण्याआधी काउन्सेलरना विचारायलाच हवं, कारण त्या पाच क्रेडिटवर हायस्कूलचं कुठलं क्रेडिट अवलंबून आहे ते त्यांनाच माहीत असतं.

पहिल्या तासाला सिलॅबस मिळाला की घरी आल्यावर मुलाने त्यातला हजेरीचा परिच्छेद स्वतः मोठ्याने वाचून दाखवावा, असा आमच्याकडे रिवाज पडला. किती तास चालतात, उशीर म्हणजे किती मिनिटं, चुकलेली परीक्षा पुन्हा मिळते का, आजारी पडल्यास आधी कळवायचं की नंतर.

कळवायचं कोणी

शाळेत आपण फोन करतो. कॉलेजात आपण काहीही करायचं नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे जड जातं, मलाही गेलं. १९७४ चा फर्पा नावाचा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार कॉलेजच्या नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याचा, मग त्याचं वय सोळा का असेना. आई म्हणून तुम्ही प्राध्यापकाला लिहिलंत तर ते तुमच्याशी बोलणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. मुलाने परवानगीचा फॉर्म भरून दिला तर कॉलेजच्या कार्यालयाशी बोलता येतं. कॉलेजने शाळेकडे पाठवलेली माहिती शाळेकडून पालकांना पाहता येते. पण रोजच्या हजेरीच्या बाबतीत बोलणारं एकच माणूस, ते मूल.

म्हणून उन्हाळ्यातच मुलाला तो ईमेल लिहायला शिकवा. आपली मुलं 'आय अॅम सो सॉरी' ने सुरुवात करतात आणि तीन परिच्छेद कारणं देतात. विषयाच्या ओळीत वर्गाचा क्रमांक आणि तारीख. पहिल्या वाक्यात: आज मी आजारी असल्याने येऊ शकत नाही. दुसऱ्यात: आजचं काम मी अमुक दिवसापर्यंत जमा करेन. तिसऱ्यात एखादा प्रश्न असेल तर तो. खाली पूर्ण नाव आणि विद्यार्थी क्रमांक. वर्ग सुरू होण्याआधी पाठवायचा. लेकीने पहिला ईमेल लिहायला पाऊण तास घेतला, वर्षाच्या शेवटी दोन मिनिटांत लिहायची.

शाळेत ज्या मुलांना ५०४ प्लॅन किंवा आयईपीमुळे (अपंगत्व किंवा आजार असलेल्या मुलांसाठी शाळेने लेखी आखलेल्या सोयींमुळे) हजेरीत सूट आहे, त्यांनी विशेष लक्ष द्यावं. तो प्लॅन कॉलेजात आपोआप लागू होत नाही. कॉलेजच्या अपंगत्व-सेवा कार्यालयात मुलाने स्वतः नोंदणी करायची, कागदपत्रं द्यायची, आणि त्यांचं पत्र प्रत्येक प्राध्यापकाला दर क्वार्टरला पोहोचवायचं. हे क्वार्टर सुरू होण्याच्या महिनाभर आधी हाती घ्या. मध्येच आजार बळावल्यावर पळापळ केली तर आधी बुडालेले तास भरून निघत नाहीत.

बर्फ, परीक्षा, सण

बर्फ पडला की शाळा बंद होते किंवा दोन तास उशिरा सुरू होते. कॉलेज चालूच असू शकतं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी आमचा सगळा रस्ता पांढरा, शाळा बंद, आणि कॉलेजात मिडटर्म वेळेवर. दोन्हीकडचे सूचना-मेसेज मुलाच्या फोनवर सुरू करून ठेवा. रस्ता खरोखर धोक्याचा असेल तर घरी थांबा आणि वर्गाआधी ईमेल पाठवा.

अकरावीच्या वसंतात राज्याची विज्ञानाची चाचणी हायस्कूलमध्ये होते. पूर्णवेळ कॉलेजात जाणाऱ्या मुलांनाही ती लागू आहे, आणि शाळेचा ईमेल उघडत नसतील तर तारीख कळत नाही. शाळेचा ईमेल आठवड्यातून दोनदा तरी उघडायचाच.

आता सण. राज्याच्या नियमांत धार्मिक किंवा सांस्कृतिक सणासाठीची गैरहजेरी मंजूर धरली जाते. पालकाने कळवायचं आणि 'सण' असं स्पष्ट लिहायचं. 'कौटुंबिक कारण' असं गुळमुळीत लिहू नका. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. तेव्हा शाळा सुरू झालेली असते, कॉलेज नाही, त्यामुळे एकच निरोप पुरतो. दसरा-दिवाळी मात्र फॉल क्वार्टरच्या ऐन मध्यावर. पाडवा त्याहून अडचणीचा. २०२६ चा पाडवा १९ मार्चचा, आणि विंटर क्वार्टर मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात संपते, म्हणजे अंतिम परीक्षेच्या तोंडावर. कॉलेजांसाठीही राज्याचा कायदा आहे: श्रद्धेच्या कारणासाठी विद्यार्थ्याला वर्षाला दोन दिवस मिळतात, आणि सणामुळे परीक्षा किंवा काम पुढेमागे करून मागता येतं. पण त्यासाठी वर्ग सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत तारखांसह लेखी कळवावं लागतं. हे आपल्या लोकांना बिलकुल माहीत नसतं. आदल्या रात्री ईमेल करतात, प्राध्यापक नाही म्हणतात, आणि मूल लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वर्गात बसतं. सिलॅबसमध्ये हा परिच्छेद असतो, शोधा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच पाडव्याचा ईमेल गेला पाहिजे.

भारतवारी

शेवटी तो प्रश्न, ज्यावर घराघरांत वाद होतात. डिसेंबरात चुलत भावाचं लग्न, आजोबांची पंच्याहत्तरी, आणि तिकिटं स्वस्त मिळतात ती जानेवारीच्या दहा-बारा तारखेची. शाळेपुरतं पाहिलं तर दोन आठवडे म्हणजे १८० पैकी १० दिवस. मुख्याध्यापक आणि पालक यांच्या संमतीने ठरलेली गैरहजेरी मंजूर होऊ शकते. त्याचा फॉर्म आधी भरून प्रत्येक शिक्षकाची सही घ्यायची असते, आणि मुख्याध्यापक नाही म्हणू शकतात. पण कॉलेजात तेच दोन आठवडे म्हणजे दहातले दोन, आणि तेही पहिले दोन, जेव्हा नाव काढलं जातं. शाळेची मंजुरी तिथे उपयोगाची नाही. फॉल संपल्यापासून विंटर सुरू होईपर्यंत दोन-अडीच आठवडे मिळतात, पण त्यातले पहिले काही दिवस शाळा चालू असते.

आम्ही दोन्ही वर्षं डिसेंबरात गेलो नाही. सासूबाईंना फोनवर सांगताना माझा घसा दाटला होता. त्याऐवजी जूनच्या शेवटी गेलो, आंबे संपलेले आणि पाऊस लागलेला, पण कुठलाही वर्ग मागे राहिलेला नव्हता. लग्न घरातलंच असेल आणि जायलाच हवं, तर त्या क्वार्टरला वेळेचं बंधन नसलेला ऑनलाइन वर्ग घ्या, आणि नाशिकच्या घरी वायफाय नीट चालतं का ते निघण्याआधी विचारा. मृत्यू, गंभीर आजार ही वेगळी गोष्ट. तेव्हा तिकीट काढा, विमानतळावरून मुलाला प्राध्यापकांना आणि काउन्सेलरना एकाच वेळी लिहायला सांगा, बाकीचं परतल्यावर पाहता येतं. अशा वेळी बहुतेक प्राध्यापक फार माणुसकीने वागतात.

बारावीच्या जूनमध्ये एक शेवटची टक्कर असते. हायस्कूलचा पदवीदान समारंभ आणि त्याची रंगीत तालीम कॉलेजच्या अंतिम परीक्षेच्या आठवड्यात येऊ शकते. तालमीला हजर नसलेल्याला मंचावर जाऊ देत नाहीत असा काही शाळांचा नियम असतो. समारंभाची तारीख बरीच आधी जाहीर होते आणि परीक्षेचं वेळापत्रकही क्वार्टरच्या सुरुवातीला असतं. लेकीने एप्रिलमध्येच दोन्ही तारखा पाहिल्या, इकॉनॉमिक्सच्या प्राध्यापकांना विचारून परीक्षा एक दिवस आधी दिली, आणि बस पकडून थेट तालमीच्या मैदानावर गेली. मला ते त्या रात्री जेवताना कळलं.